छोटी दुर्बीण, मोठी रात्र

कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेत १८८८ साली ३६ इंच व्यासाची दुर्बीण उभी राहिली. भिंगांच्या दुर्बिणींत ती त्या वेळी जगातली सर्वांत मोठी होती. त्याच वेधशाळेत एडवर्ड इमर्सन बर्नार्ड काम करत होते. आकाशगंगेच्या ज्या छायाचित्रांमुळे त्यांचं नाव आजही घेतलं जातं, ती त्यांनी १८८९ पासून घ्यायला सुरुवात केली. पण त्या महाकाय दुर्बिणीतून नव्हे. त्यांनी वापरलं विलर्ड नावाचं ६ इंची भिंग, जे मुळात माणसांचे फोटो काढणाऱ्या स्टुडिओसाठी बनवलेलं होतं. बर्नार्ड स्वतः नॅशव्हिलच्या फोटो स्टुडिओत लहानपणापासून राबलेले, त्यामुळे अशा भिंगाचं मोल त्यांना ठाऊक होतं. एका ताऱ्यावर तासन् तास डोळा रोखून, हाताने दुर्बीण सावरत त्यांनी छायाचित्रणाच्या काचांवर प्रकाश साठवला.

लहान दुर्बिणीतून तेजोमेघांचं छायाचित्रण करू पाहणारा प्रत्येक नवा माणूस आधी एकच प्रश्न विचारतो: दुर्बीण किती मोठी घेऊ? पैसे आणि उमेद यांतलं बरंचसं या प्रश्नापायी वाया जातं. गेल्या दीडशे वर्षांचा अनुभव आणि आजची साधनं एकत्र ठेवून पाहिली तर माझ्या मते उत्तर स्पष्ट आहे. ६० ते १०० मिलिमीटर व्यासाची दुर्बीण बहुतेक मोठ्या तेजोमेघांना पुरते. कमी पडतात ते अंधार, दुर्बीण पेलून आकाशाबरोबर फिरवणारा भक्कम माउंट आणि प्रकाश साठवण्याचे तास.

तेजोमेघ लहान असतात म्हणून दिसत नाहीत, हा समज आधी सोडायला हवा. मृग नक्षत्रातला एम ४२ आकाशात पूर्ण चंद्राच्या दुप्पट रुंद पसरला आहे. शृंगाश्वातला रोझेट तेजोमेघ जवळजवळ सव्वा अंश व्यापतो, तर हंसातला नॉर्थ अमेरिका तेजोमेघ सुमारे दोन अंश. ते दिसत नाहीत कारण त्यांचा प्रकाश एवढ्या क्षेत्रावर विरळ पसरलेला असतो. अशा पसरट वस्तूच्या बाबतीत कॅमेऱ्याच्या संवेदकावर, म्हणजे सेन्सरवर, प्रत्येक चौरस मिलिमीटरला किती प्रकाश पडेल हे दुर्बिणीच्या नाभीय अंतराला व्यासाने भागून येणाऱ्या गुणोत्तरावर ठरतं. हे गुणोत्तर ५ असलेली ८० मिलिमीटरची दुर्बीण आणि तेवढंच गुणोत्तर असलेली ४०० मिलिमीटरची दुर्बीण सेन्सरवर तेजोमेघाची सारखीच उजळ प्रतिमा पाडतात. मोठीची प्रतिमा आकाराने मोठी असते, त्यामुळे तेजोमेघाच्या प्रत्येक तुकड्यासाठी ती जास्त प्रकाश गोळा करते, हे खरंच. पण मग अख्खा तेजोमेघ चौकटीत मावत नाही.

आकडे मांडून पाहू. ३६० मिलिमीटर नाभीय अंतराची छोटी दुर्बीण आणि एपीएस-सी आकाराचा सेन्सर ही जोडी आज सर्वत्र दिसते. तिला आकाशाचा ३.७ बाय २.५ अंशांचा तुकडा दिसतो, म्हणजे रुंदीत सात चंद्र शेजारी शेजारी ठेवावेत एवढा. लडाखमधल्या हानले इथली २ मीटरची हिमालयन चंद्र दुर्बीण तिच्या नेहमीच्या कॅमेऱ्यातून एका वेळी साधारण १० बाय १० कलांचं क्षेत्र टिपते. नॉर्थ अमेरिका तेजोमेघ तिच्यातून पुरा करायचा तर शंभराहून अधिक चौकटी जोडाव्या लागतील. ती दुर्बीण त्या कामासाठी बांधलेलीच नाही. हे काम छोट्या दुर्बिणीचं आहे आणि ती ते मोठीपेक्षा चांगलं करते.

तपशिलाचं काय? ६० मिलिमीटर भिंगाची तपशील वेगळा करण्याची सैद्धांतिक मर्यादा सुमारे २ विकला आहे. आपल्याकडच्या मैदानी, तापलेल्या जमिनीवरच्या हवेत तारा दीर्घ उद्भासनात, म्हणजे बराच वेळ प्रकाश साठवताना, एरवीही २-३ विकलांपर्यंत पसरतो. तेव्हा मोठ्या भिंगाने जो तपशील मिळायचा, तो बहुतेक रात्री हवाच खाऊन टाकते.

दीर्घ उद्भासनाची गोष्ट सुरू होते हेन्री ड्रेपर यांच्यापासून. ३० सप्टेंबर १८८० रोजी त्यांनी ११ इंची दुर्बिणीतून सुमारे ५० मिनिटं प्रकाश साठवून एम ४२ चं छायाचित्र घेतलं. तेजोमेघाचं ते पहिलं छायाचित्र. तीन वर्षांत अँड्र्यू कॉमन यांनी इंग्लंडमध्ये आपल्या ३६ इंची आरशाच्या दुर्बिणीतून त्याच तेजोमेघाचं असं चित्र घेतलं की त्यात दुर्बिणीला डोळा लावूनही न दिसणारे तारे उमटले. डोळा मेंदूकडे क्षणाक्षणाचा हिशेब पाठवतो. काच मात्र रात्रभराचा प्रकाश जमा करते. १८९० मध्ये माक्स वोल्फ यांनी हायडेलबर्गहून लहान भिंगातून नॉर्थ अमेरिका तेजोमेघ टिपला आणि त्याला ते नाव दिलं. त्यापूर्वी शंभर वर्षं डोळ्यांनी शोध घेणाऱ्यांना तो आकार उमगलाच नव्हता.

पुढे फिल्म आली. पडलेल्या प्रकाशाच्या शेकडा एक-दोन कणांचीच ती नोंद घेई, शिवाय उद्भासन लांबलं की मंदावत जाई. आजच्या सीमॉस सेन्सरमध्ये शंभरातले ऐंशीहून अधिक प्रकाशकण नोंदवले जातात. ड्रेपर यांच्या ११ इंचांपेक्षा आज ३ इंची दुर्बीण जास्त खोल पाहते ती यामुळे.

आज सलग पाच तास शटर उघडं ठेवत कोणी बसत नाही. एक ते पाच मिनिटांच्या शेकडो चौकटी घ्यायच्या, ज्यांना हौशी मंडळी ‘सब’ म्हणतात, आणि नंतर संगणकावर त्या एकमेकींवर बसवून सरासरी काढायची. विमान, उपग्रह किंवा ढगाने चार चौकटी नासवल्या तर त्या टाकून देता येतात. सरासरीचं गणित मात्र कठोर आहे. चित्रातली खरखर एकूण वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात हटते. एका तासाच्या चित्रापेक्षा दुप्पट स्वच्छ चित्र हवं तर चार तास लागतात, आणि चौपट स्वच्छ हवं तर सोळा. म्हणून एका रात्रीत पाच वस्तू टिपणाऱ्याकडे पाच कच्ची चित्रं जमतात. महिनाभर एकाच वस्तूमागे राहणाऱ्याचं एक चित्र त्या पाचांना मागे टाकतं.

एक सब किती लांब असावी यावर बराच वाद चालतो. जुन्या सीसीडी कॅमेऱ्यांत प्रत्येक चौकट वाचताना इतकी विद्युत खरखर मिसळायची की दहा-वीस मिनिटांच्या सब घेणं भाग होतं. नव्या सेन्सरमध्ये ती एक-दोन इलेक्ट्रॉनांवर आली आहे. शहराच्या उजळ आकाशाखाली फिल्टरविना ३० ते ६० सेकंद पुरतात, कारण तेवढ्यात आकाशाचाच प्रकाश वाचनाच्या खरखरीला झाकून टाकतो. अरुंद पट्ट्याचा फिल्टर लावला की पाच मिनिटं योग्य. यापलीकडे सब लांबवण्यात अर्थ नाही. लांबवायचा असतो तो एकूण वेळ.

या चौकटींच्या जोडीला ‘डार्क’ आणि ‘फ्लॅट’ घ्यावेच लागतात. डार्क म्हणजे झाकण लावून त्याच तापमानाला, तेवढ्याच वेळाची घेतलेली चौकट. सेन्सरच्या उष्णतेने उमटणारे ठिपके त्यातून वजा होतात. फ्लॅट म्हणजे एकसारख्या उजळ पृष्ठभागाचं छायाचित्र. सेन्सरवरच्या धुळीचे डाग आणि कडांना येणारी काळोखी त्याने निघते. नवखे लोक फ्लॅट घ्यायला कंटाळतात आणि मग संगणकावर तासन् तास डाग पुसत बसतात.

माउंटबद्दल जरा थांबून सांगायला हवं. आकाश दर सेकंदाला १५ विकला सरकतं. वर सांगितलेल्या जोडीत सेन्सरचा एक ठिपका सुमारे सव्वादोन विकलांचा असतो. म्हणजे माउंट हलला नाही तर एका सेकंदात तारा सहा-सात ठिपके ओलांडतो. तीन मिनिटांच्या सबमध्ये तो एकाच जागी राहायचा तर माउंटचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाशी अचूक समांतर हवा, दंतचक्रांची चूक सुधारत राहायला हवी, आणि ती सुधारणा करणारा दुसरा लहान कॅमेरा एका ताऱ्यावर लक्ष ठेवून हवा. बर्नार्ड जे डोळ्याने करत, ते आता गायडिंगचं सॉफ्टवेअर दर एक-दोन सेकंदांनी करतं. महाराष्ट्रात आणि गोव्यात याला आणखी एक अडचण जोडली जाते. ध्रुवतारा आपल्या अक्षांशाएवढ्याच उंचीवर असतो: पणजीत साडेपंधरा अंश, पुण्यात साडेअठरा, नागपुरात एकवीस. क्षितिजाजवळच्या धुरकटात, समोरच्या डोंगरामागे किंवा इमारतीमागे तो सहज हरवतो. युरोपी पुस्तकांतल्या सूचना त्यामुळे इथे अपुऱ्या पडतात. ताऱ्यांच्या नकाशाशी चौकट ताडून अक्ष जुळवण्याची सोय आता मोफत सॉफ्टवेअरमध्येही मिळते आणि आपल्या अक्षांशांवर ती चैन नसून गरज आहे. निम्म्याहून अधिक पैसे माउंटवर जावेत, हा जुन्या मंडळींचा सल्ला मला आजही पटतो.

आता अंधार. साऱ्या प्रश्नाचं मर्म इथे आहे. खऱ्या काळ्या आकाशाची पृष्ठतेजस्विता दर चौरस विकलेला सुमारे २२ प्रत असते. मोठ्या शहराच्या मधोमध ती १८ च्या आसपास येते (प्रतीचा आकडा लहान तितका प्रकाश जास्त). चार प्रतींचा फरक म्हणजे ४० पट उजळ आकाश. जिथे आकाशाचा प्रकाशच मुख्य अडथळा असतो तिथे तेवढंच स्वच्छ चित्र मिळवायला वेळही ४० पट लागतो. काळ्या आकाशाखालचा एक तास म्हणजे शहराच्या गच्चीवरचे चाळीस तास. कोणतीही महागडी दुर्बीण हे अंतर भरून काढत नाही. ते भरून काढते शहराबाहेर जाणारी गाडी.

शहरात राहणाऱ्याला फिल्टरचा आधार आहे, पण सगळ्या तेजोमेघांसाठी नाही. हायड्रोजनचा लाल प्रकाश ६५६.३ नॅनोमीटरवर येतो, आणि दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनचा हिरवा-निळा ४९५.९ आणि ५००.७ वर. विल्यम हगिन्स यांनी १८६४ मध्ये या हिरव्या रेषा पाहिल्या तेव्हा त्या कुठल्याही ज्ञात मूलद्रव्याशी जुळेनात. त्या ऑक्सिजनच्याच आहेत हे आयरा बोवेन यांनी १९२७ मध्ये दाखवलं. आज ३ नॅनोमीटर रुंदीचा फिल्टर त्यातली हवी ती रेषा पूर्ण जाऊ देतो. दृश्य प्रकाशाचा पट्टा सुमारे ३०० नॅनोमीटरचा, म्हणजे पसरट वर्णपटाच्या दिव्यांचा प्रकाश तो शंभराव्या हिश्शावर आणतो. मुंबईच्या उपनगरातून रोझेट किंवा अश्वशीर्ष तेजोमेघामागचा लाल पडदा टिपता येतो तो यामुळेच. रस्त्यांवर पिवळे सोडियम दिवे होते तोवर स्वस्त फिल्टरही चालत, कारण त्यांचा बराचसा प्रकाश ५८९ नॅनोमीटरच्या आसपास एकवटलेला असे. पांढरे एलईडी सगळ्या वर्णपटावर पसरतात आणि ४५० च्या आसपास त्यांचा निळा उंचवटा असतो. ते जुने फिल्टर त्यांच्यापुढे निष्प्रभ आहेत. कृत्तिकांभोवतीचा निळा धुरळा आणि आकाशगंगेतले तपकिरी धूलिमेघ ताऱ्यांचाच प्रकाश परावर्तित करतात. त्यांच्यासाठी कोणताही अरुंद फिल्टर उपयोगाचा नाही. तिथे अंधारच लागतो.

तो अंधार आपल्याकडे अजून शिल्लक आहे. महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. त्याआधी, २०२२ मध्ये, हानलेचा परिसर डार्क स्काय रिझर्व्ह म्हणून घोषित झाला. पुण्याच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारखी १९४४ पासून चालत आलेली संस्था असो की वांगणीला आकाशदर्शनासाठी जाणारी मुंबईची मंडळी, या चळवळीला नेहमीच अमावस्येच्या जवळचा शनिवार आणि शहराबाहेरचं मोकळं रान लागलं आहे. त्या रानाभोवती आता फार्महाऊस आणि त्यांचे फ्लडलाइट येत आहेत. दिव्याला वरून झापड लावायला फारसा खर्च येत नाही. ग्रामपंचायतीला कोणी विनंती केली तर बरेचदा कामही होतं. ती विनंती करायला माणूस हवा.

दुसरी गोष्ट ऋतूंची. धनु राशीतले लगून आणि ट्रिफिड हे तेजोमेघ जूनच्या अखेरीस मध्यरात्री सर्वांत उंच येतात, नेमके ऐन पावसाळ्यात. आपण ते मार्च ते मे या महिन्यांत पहाटे टिपायचे, नाहीतर ऑक्टोबरच्या संध्याकाळी पश्चिमेला उतरताना. बदल्यात आपल्याला उंची मिळते. लगून पुण्याहून ४७ अंशांपर्यंत चढतो, लंडनहून जेमतेम १४. लंडनहून कधीच न उगवणारा नौकातलातला भव्य तेजोमेघ पुण्याहून एप्रिलच्या रात्री दक्षिणेला बारा अंशांवर येतो आणि गोव्याहून पंधरा. कोकणच्या किनाऱ्यावरून, दक्षिणेला दिवे नसतील तर, तो नक्की टिपावा. त्याचं चित्रण आपल्याकडे फार कमी होतं, आणि मला ते खुपतं. उन्हाळी रात्रींचा एक तोटाही आहे. सेन्सरमधली उष्णतेची खरखर दर सहा-सात अंशांना दुप्पट होते. विदर्भातल्या एप्रिलच्या रात्री साध्या डीएसएलआरचे फोटो ठिपक्यांनी भरतात. थंड करता येणारा कॅमेरा, जो सेन्सर हवेपेक्षा तीसेक अंश खाली ठेवतो, इथे दुर्बिणीच्या आधी घ्यावा. साधा डीएसएलआर वापरायचाच तर हेही ठाऊक असावं की त्याच्या सेन्सरपुढची काच हायड्रोजनचा लाल प्रकाश बहुतेक अडवते. ती काढून घेतलेला कॅमेरा तेजोमेघांसाठी पूर्ण वेगळाच होतो.

रंगांबद्दल लोक नेहमी विचारतात: हे खरे आहेत का? दुर्बिणीला डोळा लावला तर एम ४२ राखाडी किंवा किंचित हिरवट दिसतो, कारण इतक्या मंद प्रकाशात डोळ्याला रंग कळत नाहीत. कॅमेऱ्याचा लाल रंग हायड्रोजनचाच असतो, त्यात खोटं काही नाही. हबलच्या १९९५ च्या प्रसिद्ध गरुड तेजोमेघाच्या चित्रात गंधकाला लाल, हायड्रोजनला हिरवा आणि ऑक्सिजनला निळा रंग वाटून दिला आहे. तो नकाशा आहे, आणि तसं सांगून दिला तर प्रामाणिक आहे. मला काळजी वाटते ती वेगळ्या गोष्टीची. खरखर पुसणारी, तारे धारदार करणारी कृत्रिम बुद्धिमत्तेवरची साधनं आता सर्रास वापरली जातात. ताऱ्यांच्या आकाराची मोजमापं धरून चालणारी साधनं काळजीने वापरली तर फायद्याची आहेत. पण मोबाइलच्या फोटोंसाठी घडवलेली साधनं अपुऱ्या प्रकाशाच्या चित्रात धाग्यादोऱ्यांची नक्षी स्वतःच काढतात, जी आकाशात नसते. दोन तासांच्या डेटाला वीस तासांचं रूप देणं म्हणजे चित्रण नव्हे. चित्राखाली उद्भासनाचा एकूण वेळ आणि केलेली प्रक्रिया लिहावी, एवढा दंडक हौशी मंडळींनी तरी पाळायला हवा.

छोट्या दुर्बिणीची हद्द कुठे संपते तेही सांगायला हवं. स्वरमंडळातला रिंग नेब्युला जेमतेम सव्वा कलेचा आहे. वर सांगितलेल्या जोडीत तो तीस-चाळीस ठिपक्यांत आटोपतो. तसे बहुतेक ग्रहीय तेजोमेघ हजारभर मिलिमीटर आणि त्याहून जास्त नाभीय अंतराच्या दुर्बिणींचं काम आहेत. कुंभेतला हेलिक्स आणि जंबुकातला डंबेल हे त्याला अपवाद.

पण हद्दीच्या आत ही साधनं काय करू शकतात, याची दोन उदाहरणं मला फार मोलाची वाटतात. २३ जानेवारी २००४ रोजी अमेरिकेतल्या केंटकीमध्ये जे मॅकनील यांनी आपल्या घराच्या आवारातून ७६ मिलिमीटर, म्हणजे ३ इंची दुर्बिणीने एम ७८ या तेजोमेघाच्या परिसराचं चित्रण केलं. चित्रात त्यांना एक तेजोमेघ दिसला जो कोणत्याही नकाशात नव्हता. त्याच्या तळाशी असलेला कोवळा तारा अचानक भडकला होता आणि त्याच्या उजेडात भोवतालची धूळ उजळली होती. जुनी चित्रं धुंडाळल्यावर १९६६ च्या एका छायाचित्रातही तो सापडला. पुढे तो विझला आणि २००८ मध्ये पुन्हा उजळला. त्या दुसऱ्या उद्रेकाचा वर्षानुवर्षं पाठपुरावा मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या खगोलशास्त्रज्ञांनी केला, हानलेच्या दुर्बिणीने आणि जुन्नरजवळ गिरवलीला असलेल्या, आयुका या संस्थेच्या २ मीटर दुर्बिणीने. तीन इंची दुर्बिणीने दाखवलेली वाट आपल्या जुन्नरपर्यंत आली.

दुसरं उदाहरण ताजं आहे. देवयानी दीर्घिकेचं चित्रण शंभराहून अधिक वर्षं जगातल्या अनेक मोठ्या दुर्बिणींनी केलं. तरीही २०२२ मध्ये यान सेंती, मार्सेल ड्रेक्सलर आणि झेवियर स्ट्रोटनर या तीन हौशी खगोलप्रेमींना तिच्या शेजारी दीड अंश लांबीची, ऑक्सिजनच्या प्रकाशात चमकणारी एक प्रचंड कमान सापडली. दुर्बीण १०६ मिलिमीटरची, एकूण उद्भासन शंभर तासांहून जास्त, आणि ऑक्सिजनचा अरुंद फिल्टर. ती भिंगातली परावर्तनाची चूक नाही ना, हे पडताळण्यासाठी वेगळ्या ठिकाणांहून वेगळ्या दुर्बिणींनी तेच चित्रण केलं गेलं, आणि जानेवारी २०२३ मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध झाला. ती कमान आपल्या आकाशगंगेतली आहे की देवयानीजवळची, यावर अजून एकमत नाही. मोठ्या दुर्बिणींची नजर तोकडी पडली नव्हती. त्यांच्यापाशी एका जागेसाठी शंभर तास नव्हते.

हाती मावणाऱ्या ‘स्मार्ट’ दुर्बिणींनी सुरुवात फार सोपी केली आहे. २०२३ मध्ये आलेली सीस्टार एस ५० ही ५० मिलिमीटरची दुर्बीण स्वतःच दिशा शोधते, १० ते ३० सेकंदांच्या सब एकावर एक बसवते आणि अरुंद पट्ट्याचा फिल्टरही तिच्यातच असतो. शाळांनी आणि गावोगावच्या खगोल मंडळांनी ती अवश्य घ्यावी. तिचं क्षेत्र मात्र अरुंद आहे, चित्र दोनच मेगापिक्सेलचं, आणि रोझेटसुद्धा तिच्या एका चौकटीत आडवा मावत नाही. शिकण्यासाठी ती उत्तम. तेवढ्यावर थांबू नये.

तेव्हा हाती असलेली छोटी दुर्बीण विकून मोठी घेण्याचा विचार असेल तर तो एक हंगाम पुढे ढकला. डिसेंबर ते मार्च या चार महिन्यांतल्या चंद्र नसलेल्या रात्री रोझेटसाठी किंवा एम ७८ च्या परिसरासाठी राखून ठेवा, वीस तास जमवा, आणि मूळ चौकटी तारखेनिशी जपून ठेवा. मॅकनीलच्या तेजोमेघाचा १९६६ चा उद्रेक कळला तो कोणीतरी जुनं छायाचित्र टाकून दिलं नव्हतं म्हणून.